मोनेच्या सूर्याची वेळ

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं 'इम्प्रेशन, सनराइज' हे चित्र मोबाइलवर उघडा आणि ते कृष्णधवल करून बघा. पुढची होडी दिसते, पाण्यावरचे गडद फटकारे दिसतात, मागच्या जहाजांच्या डोलकाठ्याही धूसर का होईना दिसतात. मात्र चित्राचा प्राण असलेला तो नारिंगी सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. त्याच्या जागी आभाळाचाच राखाडी रंग उरतो.

हार्वर्डमधल्या मेंदूविज्ञानाच्या अभ्यासक मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी याकडे लक्ष वेधलं. मोनेने सूर्याचा रंग आभाळापेक्षा अगदी वेगळा ठेवला, पण त्याचा उजळपणा मात्र आभाळाइतकाच राखला. डोळ्यांकडून आलेली माहिती मेंदूत ढोबळमानाने दोन वाटांनी जाते. एक वाट रंग आणि आकार ओळखते, वस्तू काय आहे ते सांगते. दुसरी वाट जागा, अंतर आणि हालचाल यांचा हिशेब ठेवते. उत्क्रांतीच्या दृष्टीने ही दुसरी वाट जुनी, आणि तिला रंगाचं जवळपास काहीच कळत नाही. तिला फक्त उजळ-गडद यांतला फरक कळतो. त्यामुळे मोनेचा सूर्य पहिल्या वाटेला लख्ख दिसतो, दुसरीला दिसतच नाही. तो आहे हे कळतं, पण नेमका कुठे आहे याची खूणगाठ मेंदूला पक्की बांधता येत नाही. म्हणून तो कापडावर स्थिर असूनही थरथरल्यासारखा वाटतो. तोच सूर्य आभाळापेक्षा उजळ करून पाहिला तर ही थरथर जाते आणि तो उलट निस्तेज वाटू लागतो.

मोनेला मेंदूतल्या या वाटांची कल्पना असणं शक्यच नव्हतं. पण त्याची नजर विलक्षण तयार होती. फ्रान्समध्ये सेन नदीच्या मुखाशी वसलेल्या ल हाव्र या बंदरात तो लहानाचा मोठा झाला. चित्रातलं बंदरही हेच. तिथेच यूजेन बूदँ या चित्रकाराने त्याला उघड्यावर, समोरचं दृश्य पाहत रंगवायची सवय लावली. दाबली की चेपणाऱ्या कथलाच्या नळीत रंग भरायची युक्ती जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये काढली होती, म्हणून रंगपेटी घेऊन किनाऱ्यावर जाणं आता सोपं झालं होतं. मोनेने १८७० मध्ये ट्रूव्हिलच्या किनाऱ्यावर काढलेलं एक छोटं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याच्या रंगाच्या थरात वाळूचे कण अडकलेले आहेत. वाऱ्याने उडालेली ती वाळू ओल्या रंगावर बसली आणि तिथेच वाळली. चित्र जागेवरच काढलं याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता?

'इम्प्रेशन, सनराइज' ४८ बाय ६३ सेंटीमीटरचं, म्हणजे तसं लहानसंच आहे. एप्रिल १८७४ मध्ये पॅरिसमध्ये, छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत ते प्रदर्शनात लागलं. लुई लरुआ या समीक्षकाने त्याची टर उडवली. भिंतीला लावायचा अर्धाकच्चा कागदसुद्धा या समुद्रापेक्षा पुरा झालेला असतो, असा त्याचा सूर होता. चित्राच्या नावावरून केलेल्या त्या थट्टेतूनच मोनेला आणि त्याच्यासोबतच्या चित्रकारांना इम्प्रेशनिस्ट हे नाव चिकटलं. चित्र घाईत काढलेलं आहे हे लरुआचं निरीक्षण खरंच होतं. पण घाईत काढलेलं म्हणजे चुकीचं, हा त्याचा निष्कर्ष मला मुळीच पटत नाही, आणि त्याला माझ्याकडे खगोलशास्त्राचा आधार आहे.

चित्राच्या कोपऱ्यात सहीशेजारी '७२' असं लिहिलं आहे. तरी हे चित्र १८७३ मधलं असावं असं बरीच वर्षं मानलं जात होतं, आणि हा सूर्योदय की सूर्यास्त, यावरही वाद झाले. टेक्सास स्टेट विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ डॉनल्ड ओल्सन यांनी हा गुंता आकाशाच्या आधारे सोडवायला घेतला. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत ल हाव्रचं जुनं बंदर उद्ध्वस्त झालं होतं. म्हणून त्यांनी एकोणिसाव्या शतकातले नकाशे आणि छायाचित्रं धुंडाळली. त्यावरून मोने बंदराकाठच्या एका हॉटेलच्या खिडकीतून आग्नेयेकडे पाहत होता हे ठरलं. म्हणजे सूर्यास्ताचा प्रश्नच मिटला. त्या दिशेला, क्षितिजापासून दोन-तीन अंश वर सूर्य यायचा, तर तो नोव्हेंबरच्या मध्यालाच किंवा जानेवारीच्या अखेरीलाच.

पुढचा पुरावा मला सगळ्यांत आवडतो, कारण तो चित्रात अगदी मागे, धुक्यात उभा आहे. मोठी शिडाची जहाजं. ल हाव्रला मोठ्या उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीत सात-आठ मीटरचा फरक पडतो. गोदीचे दरवाजे उघडून मोठी जहाजं ये-जा करायची ती भरतीच्या आसपासच्या तीन-चार तासांतच. याचा अर्थ सूर्योदयाला भरती असलेले दिवस तेवढे शोधायचे. भरतीचं गणित चंद्रावर चालतं, त्यामुळे दीडशे वर्षांपूर्वीची वेळही काढता येते. उरलेल्या तारखांना हवामानाच्या जुन्या नोंदींची चाळण लावली. वादळी, ढगाळ दिवस गळाले. चित्रातल्या धुराड्यांच्या धुराचा कल पूर्वेकडचा वारा सांगत होता, तो न जुळणारे दिवसही गेले. शेवटी दोन तारखा राहिल्या, १३ नोव्हेंबर १८७२ आणि २५ जानेवारी १८७३. सहीजवळचा आकडा खरा धरला तर पहिलीच, सकाळी साधारण ७ वाजून ३५ मिनिटांची वेळ.

सूर्य इतका खाली असतो तेव्हा त्याचा प्रकाश माथ्यावरच्या सूर्यापेक्षा पंधरा-वीस पट जास्त हवेतून वाट काढत येतो. निळा प्रकाश वाटेतच विखुरतो आणि नारिंगी तेवढा पोचतो. त्यात धुकं आणि धूर मिसळला की सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहता येतं, आणि त्याचा उजळपणा आभाळाच्या जवळ येतो. पुढची होडी गडद, तिच्या मागची फिकट, त्यामागची आणखी फिकट, हेही त्याच धुक्याचं काम आहे.

ल हाव्रच्या अक्षांशावर, त्या दिवसांत, उगवता सूर्य एक अंश वर चढायला सुमारे सात मिनिटं घेतो. म्हणजे कापडावर दिसणारी सूर्याची ही जागा, धुराचा हा कल आणि गोदीतलं हे पाणी टिपायला मोनेच्या हातात मोजकी मिनिटंच होती. बाकीचे फटकारे त्याने नंतर मारले असतील. पण तेवढ्या मिनिटांत कुंचल्यात आलं ते इतकं अचूक होतं, की त्यावरून तारीख काढता आली.