मे महिन्यातले शिखर आणि 'उन्हाळा' या शब्दाचा घोळ

एकोणिसाव्या शतकात हवेतील कार्बन डायऑक्साइडची मोजणी रासायनिक पद्धतीने होत असे. तिचे आकडे इतके विखुरलेले येत की त्यांतून ऋतूंची लय दिसणे शक्यच नव्हते. मार्च 1958 मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर, सुमारे 3,400 मीटर उंचीवर, सलग मोजणी सुरू झाली आणि पहिला आकडा 313 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 313 भाग) आसपास आला. एप्रिल-मेमध्ये तो चढला. मग वीज गेल्याने काही आठवडे उपकरण बंद राहिले, आणि जुलैमध्ये मोजणी पुन्हा सुरू झाली तेव्हा आकडा मार्चच्याही खाली उतरलेला होता. उपकरणातच दोष असावा, ही शंका स्वाभाविक होती. पुढच्या वर्षी तोच चढउतार पुन्हा दिसला, तेव्हा ती मिटली: वनस्पती वाढताना हा वायू शोषतात आणि कुजताना तो परत सोडतात, आणि उत्तर गोलार्धात जमीन जास्त असल्यामुळे तेथील वाढ आणि कूज साऱ्या हवेवर उमटते. दक्षिण ध्रुवावर हाच चढउतार फार लहान असतो आणि महिनेही जवळपास उलटे.

मराठीत मात्र हे 'वनस्पती उन्हाळ्यात वायू शोषून घेतात' असे लिहिले जाते, आणि तेथे घोळ होतो. आपल्या उन्हाळ्यात, वैशाखात, शेते नांगरून तापत पडलेली असतात, डोंगरउतारावरचे गवत वाळलेले असते आणि सागाला पान नसते. अभिप्रेत असतो तो युरोप, सायबेरिया आणि कॅनडा या पट्ट्यातला जून ते ऑगस्टचा काळ, म्हणजे आपला पावसाळा. 'वाढीचा हंगाम' हा पर्याय बरा, पण पुरता नाही: आपली रब्बी वाढत असते त्या थंडीच्या महिन्यांत मौना लोआचा आलेख मेमधल्या शिखराकडे चढत असतो. कोणाच्या वाढीचा हंगाम, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दालाही अर्थ राहत नाही.

पुढे या चढउताराची उंचीच वाढू लागली. 1960च्या दशकाच्या तुलनेत 1990च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती हवाईत सुमारे 20 टक्के आणि आर्क्टिक भागात सुमारे 40 टक्के वाढल्याचे आढळले. लांबलेला हंगाम आणि हवेतील वाढलेला वायू वनस्पतींना खतासारखा मिळणे ही कारणे पुढे आली; 2014 मध्ये वाढीचा चौथाईपर्यंत वाटा मका, गहू, भात यांच्या वाढलेल्या उत्पादनाचा असू शकतो, असाही हिशेब मांडला गेला. या तिसऱ्या कारणाची चर्चा हवी तितकी झाली नाही. शिवाय उंच चढउतार म्हणजे वनस्पतींत कार्बनचा जास्त साठा नव्हे. पिकाने घेतलेला कार्बन बहुतांशी वर्षभरात खाण्यातून आणि कुजण्यातून हवेत परततो.

गोव्यात काबो द रामाच्या समुद्रकड्यावर 1993 पासून काही वर्षे बाटल्यांत हवेचे नमुने भरले गेले. तेथे पावसाळ्यात अरबी समुद्रावरून, विषुववृत्तापलीकडची हवा येते आणि हिवाळ्यात भारताच्या भूभागावरची. त्यामुळे त्या आलेखात झाडांइतकेच वाऱ्याचे फिरणेही मोजले गेले आहे.