स्केचमधील मापांचे दोषनिवारण

कॅड म्हणजे संगणकावर आरेखन करण्याच्या सॉफ्टवेअरमधील द्विमितीय स्केचला दिलेले माप लागू होत नाही, माप देताच आकृती उलटते किंवा चुकीचा आकडा दिसतो, तेव्हा त्याचे कारण शोधून दूर करण्याची पद्धत. कागदावरच्या आरेखनात माप ही काढून झालेल्या रेषेची नोंद असते. पॅरामेट्रिक कॅडमध्ये मात्र माप हे समीकरण असते आणि रेषेला त्याच्या मागे जावे लागते. आकृतीवर बंधने (रेषा आडवी हवी, टोके जुळलेली हवीत अशा अटी) घालून ती संगणकाकडून सोडवून घेण्याची ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांच्या ‘स्केचपॅड’ या आरेखन-प्रोग्राममध्ये १९६३ सालीच होती.

दोष शोधताना मोकळीक मोजावी, म्हणजे आकृती किती स्वतंत्र प्रकारे हलू किंवा बदलू शकते ते पाहावे. सुट्या चार रेषांना प्रत्येकी ४ याप्रमाणे १६ मोकळिकी असतात. चार कोपरे जुळवले की ८ संपतात. दोन रेषा आडव्या आणि दोन उभ्या केल्या की आणखी ४ जातात. एक कोपरा आरंभबिंदूला बांधल्यावर उरतात फक्त २, म्हणजे लांबी आणि रुंदी. या आयताला तिसरे माप दिले की स्केच अतिबद्ध होते, म्हणजे बंधने गरजेपेक्षा जास्त होतात. एकूण १०० मिमी लांबी देऊन तिचेच ४० आणि ६० मिमी असे दोन्ही भाग दिले, तर बेरीज बरोबर असूनही सॉफ्टवेअर तक्रार करते, कारण तिसरे माप अनावश्यक ठरते. ते हवेच असेल तर संदर्भमाप (आकृतीला न बांधता फक्त आकडा दाखवणारे माप) म्हणून ठेवावे; आरेखनात असे माप कंसात दाखवतात.

अशा वेळी शेवटी दिलेले माप पुसून टाकण्याची सवय घातक आहे. दोष बहुधा आधीच्या बंधनात असतो. हाताने काढलेली रेषा जवळपास आडवी असली की अनेक सॉफ्टवेअर तिला आपणहून आडवेपणाचे बंधन लावतात. पुढे त्याच रेषेला ५ अंशांचा कोन दिला की विरोध उभा राहतो. इथे कोन बरोबर आहे, काढायचे ते आडवेपणाचे बंधन. म्हणून आधी बंधनांची चिन्हे पडद्यावर दाखवून घ्यावीत. फ्रीकॅड विरोधी आणि अनावश्यक बंधने वेगवेगळी सांगते, त्यामुळे शोध सोपा होतो.

उलट, मोकळीक उरली असेल तर बिंदू माउसने ओढून पाहावा. जे हलते तेच बांधायचे राहिले आहे. सॉलिडवर्क्समध्ये असे घटक निळे आणि पूर्ण बांधलेले काळे दिसतात. दोन टोके एकमेकांवर दिसत असूनही जुळलेली नसणे हे यातले सर्वांत फसवे कारण, आणि ते ओढल्याशिवाय सहसा कळत नाही.

आकृती उलटण्यामागे गणित आहे. एकाच समीकरणसंचाची अनेक उत्तरे असू शकतात. स्पर्शरेषा वर्तुळाच्या या बाजूलाही बसते आणि त्या बाजूलाही. सॉफ्टवेअर सामान्यतः सध्याच्या स्थितीपासून उत्तर शोधत जाते. त्यामुळे कच्ची आकृती अंतिम आकाराच्या जवळपास काढावी आणि मोठा बदल टप्प्याटप्प्याने करावा. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा कमी असेल, तर मात्र कितीही टप्पे केले तरी उत्तर मिळणार नाही.

आकडाच चुकीचा असेल तर अपेक्षित आकड्याशी त्याचे गुणोत्तर काढावे. २ आले तर त्रिज्या आणि व्यास यांची गल्लत, २५.४ आले तर इंच आणि मिलिमीटर यांची. ऑटोकॅडमध्ये मापावर हाताने आकडा लिहिलेला असेल, तर रेषा बदलली तरी तो बदलत नाही. त्या जागी <> लिहिले की खरे माप परत दिसते.