कोंबडीच्या पायातला कूर्चेचा गठ्ठा आणि हीट शॉक प्रोटीन : ही जोडी जमली कशी?

ब्रॉयलरची पिल्लं दोन-तीन आठवड्यांची झाली की काही जणांची चाल बिघडते, बसून राहतात, उठवलं तर लंगडतात, आणि मेल्यावर पायाचं हाड उभं चिरलं तर गुडघ्याच्या सांध्याखाली पांढऱ्या, चिवट कूर्चेचा (कार्टिलेजचा) गठ्ठा दिसतो. तिथं खरं तर हाड असायला हवं होतं. याला टिबियल डिस्कॉन्ड्रोप्लेझिया म्हणतात, बोलताना सगळे टीडीच म्हणतात. १९६५ मध्ये लीच आणि नेशाइम या संशोधकांनी याचं नीट वर्णन केलं, आणि तेव्हाच कळलं की यात आनुवंशिकतेचाही हात आहे आणि खाद्याचाही.

त्या काळात कोंबडी झपाट्यानं बदलत होती. कॅनडात १९५७ च्या आणि २००५ च्या वाणाची पिल्लं एकाच खाद्यावर शेजारी शेजारी वाढवून पाहिली, तर ५६ दिवसांत जुनी साधारण ९०० ग्रॅमची झाली आणि नवी ४.२ किलोची! एवढं वजन पेलायला हाडाला पुरेसा वेळच मिळत नाही, पण सगळा दोष वजनावर टाकून चालत नाही असं मला ठामपणे वाटतं. कारण खाद्यात कॅल्शियम कमी नि फॉस्फरस जास्त झालं तरी टीडी वाढतो, आणि बियाण्याला लावायचं थायरम नावाचं बुरशीनाशक खाद्यात गेलं तरी हाच गठ्ठा तयार होतो.

आता दुसरी गोष्ट, ती सुरू होते माशीपासून. इटलीत फेरुचिओ रितोसा हे संशोधक फळमाशीच्या लाळग्रंथी बघत होते, कोणीतरी इनक्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं आणि क्रोमोसोमवर वेगळ्याच जागी फुगवटे दिसले, म्हणजे तिथले जीन कामाला लागल्याच्या खुणा. १९६२ मध्ये त्यांनी ते छापलं, आणि नुसत्या उष्णतेनं नाही तर डायनायट्रोफिनॉल या रसायनानंही तेच होतं हे त्यात आहे, हा मुद्दा पुढे फार कामाचा, कारण थायरम हेही रसायनच. १९७४ मध्ये टिसिएर, मिचेल आणि ट्रेसी यांनी दाखवलं की उष्णता दिली की पेशी ठरावीक प्रोटीन बनवायला लागते. तीच ही हीट शॉक प्रोटीन, म्हणजे बाकीच्या प्रोटीनना घडी घालायला, सावरायला मदत करणारी.

दोन्ही गोष्टी एकत्र आल्या त्या ग्रोथ प्लेटमध्ये, म्हणजे हाडाच्या टोकाजवळच्या, लांबी वाढवणाऱ्या कूर्चेच्या थरात. हाड लांब होतं तेव्हा कूर्चेच्या पेशी आधी वाढतात, मग फुगतात, मग त्यांच्यात रक्तवाहिन्या घुसतात आणि त्यानंतरच तिथं हाड बनतं. टीडीत रक्तवाहिन्या आतच शिरत नाहीत, म्हणून कूर्चा तशीच साचते. २०११ मध्ये इस्रायलमधल्या मार्क पाइन्स यांच्या गटानं थायरम दिलेल्या पिल्लांच्या ग्रोथ प्लेटमध्ये एचएसपी९० हे हीट शॉक प्रोटीन वाढलेलं दाखवलं, आणि त्याला रोखणारं औषध दिल्यावर रक्तवाहिन्या वाढवणारा फ्लक-१ हा रिसेप्टर (पेशीवरचा, संदेश पकडणारा प्रोटीन) परत वाढला, वाहिन्या आत गेल्या, लंगडणंही थांबलं. मला ही नोंद खूप महत्त्वाची वाटते, कारण एरवी पेशीला वाचवणारं प्रोटीन इथं हाडाच्या वाटेत उभं राहिलेलं दिसतं.

पण थायरमनं घडवलेला टीडी आणि वेगानं वाढणाऱ्या पिल्लाचा आपोआप झालेला टीडी एकच आहेत असं धरून चालू नये, कारण दिसायला गठ्ठा सारखाच असला तरी तिथं पोचण्याच्या वाटा वेगळ्या असू शकतात. म्हणून हे औषध म्हणजे लगेच फार्मवर वापरायचा उपाय नाही, तिथं अजून योग्य वाणाची निवड आणि खाद्याचा तोल हेच पहिले उपाय आहेत.