कव्हर पाणी प्यायला लागलं म्हणजे कामातून गेलं?

बोटीच्या कापडी कव्हरबद्दल एक समज वर्षानुवर्षं चालत आलाय: पाणी मुरायला लागलं की कापड संपलं, नवं घ्या. बहुतेक वेळा हे खरं नसतं आणि चांगलं कव्हर फुकट टाकलं जातं.

ॲक्रिलिक कापडाच्या धाग्यांवर पाणी झटकणारा थर दिलेला असतो. ऊन, मळ आणि धुण्याने आधी हा थर झिजतो, कापड नाही. कव्हरवर थोडं पाणी शिंपडून बघा. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर थर शाबूत. कापड गडद होऊन ओलं झालं, तर आधी धुवा. कित्येकदा मळ किंवा साबणाचा अंशच पाणी ओढून घेतो! म्हणून कडक डिटर्जंट नको; सौम्य साबण, कोमट पाणी, मऊ ब्रश आणि भरपूर खळबळणं. उन्हावाऱ्यात पूर्ण वाळल्यावरही पाणी मुरलं, तरच जलरोधक स्प्रे मारा.

शिवणीतून गळत असेल तर दोष सुईच्या भोकांचा. तिथे शिवणीचं सीलर लावा. ओलं कव्हर मात्र कधीच घडी घालून ठेवू नका, बुरशी धरते.