'अर्ध्या पोरांना उपाशी ठेवून' प्रयोग? नाही हो

योजनेचं मूल्यमापन म्हणजे अर्ध्या पोरांना लाभ द्यायचा आणि बाकीच्यांना कोरडं ठेवून गंमत बघायची, हे जे वर्षानुवर्षं फिरतंय ना ते अर्धवट आहे. आपल्या मुंबईतलंच बघा, २००१ ते २००३ मध्ये इथल्या आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाची चाचणी झाली, वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी मागे पडलेल्या पोरांना रोज साधारण दोन तास वेगळं बसवून शिकवायची. चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून काही शाळांना एका इयत्तेसाठी बालसखी दिली, बाकीच्यांना दुसऱ्या इयत्तेसाठी, म्हणजे रिकाम्या हाताने कोणतीच शाळा गेली नाही आणि एकाच इयत्तेच्या बालसखी असलेल्या-नसलेल्या शाळांची तुलनाही झाली! मार्क वाढले, ते मुख्यतः कच्च्या पोरांचे. मग पोराला जेवढं येतं त्या पातळीनुसार शिकवायची हीच पद्धत पुढे इतर राज्यांतल्या सरकारी शाळांत गेली.