स्टेरॉइड वेगळं, टिकवणारं औषध वेगळं

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स, म्हणजे आतड्याला पुन्हा पुन्हा सूज आणणारे आजार, असलेल्या माणसाला स्टेरॉइड काय ते नव्याने सांगायला नको. प्रेडनिसोलोन, म्हणजे वायसोलोन नाहीतर ओम्नाकॉर्टिल, बहुतेक ४० मिलिग्रॅमला सुरू आणि मग आठवड्याला ५ कमी. थोड्या दिवसांत रक्त पडायचं थांबतं, भूक लागते, तोंड सुजतं, रात्री झोप लागत नाही, शुगर वाढते. माहीत आहे सगळं, पुढे जाऊ.

दुसरीकडे अ‍ॅझाथायोप्रिन, इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब, टोफासिटिनिब ही टिकवणारी, म्हणजे शांत झालेला आजार शांत ठेवणारी औषधं. (मेसालामाइन पण, पण ते सौम्य ते मध्यम कोलायटिसमध्ये, क्रोन्समध्ये त्याचा फारसा उपयोग नाही.) गोळी आहे की सुई आहे, महिन्याला किती पैसे जातात हे फरक सगळ्यांना कळतात, त्यात कोणी फसत नाही.

फसतात ते वेगळ्याच ठिकाणी, आणि मला स्वतःला कोलायटिस असल्यामुळे सिंधुदुर्गात कुडाळपासून देवगडपर्यंत कोणाकोणाचे फोन येतात आणि गोष्ट प्रत्येक वेळी तीच असते. स्टेरॉइड सूज उतरवतं, पण उतरलेली सूज तशीच ठेवायचं काम त्याला जमत नाही. हे काही आजचं ज्ञान नाही, कोलायटिस शांत असलेल्या लोकांना रोज प्रेडनिसोन देऊन बघितलेलं १९६५ सालीच लॅन्सेटमध्ये छापून आलंय, आजार उलटायचं काही कमी झालं नाही. तरी आपल्याकडे "मला फक्त वायसोलोनच लागू पडतं" म्हणणारे ढीगभर!

असं का वाटतं ते बघा. अ‍ॅझाथायोप्रिनचा परिणाम दिसायला साधारण २ ते ३ महिने लागतात, म्हणून डॉक्टर ते स्टेरॉइड चालू असतानाच सुरू करतात. आता माणसाला काय दिसतं, की स्टेरॉइड घेतलं आणि आठवड्यात बरं वाटलं, आणि ही दुसरी गोळी घेतली तर मळमळ, वर सारखं रक्त तपासायला पळा. सगळं श्रेय स्टेरॉइडला. मग स्टेरॉइड कमी होत होत बंद होतं, साधारण तेव्हाच अ‍ॅझाथायोप्रिन कामाला लागलेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच आपला माणूस म्हणतो, "आता माका बरा वाटता, मगे गोळी कित्याक?" आणि बंद करतो. काही महिन्यांनी परत आव-रक्त, परत जुनी चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये, परत स्टेरॉइड, आणि वर "त्या गोळीने काही झालं नाही".

अहो झालं होतं! काही न होणं हेच तिचं काम होतं. मे महिन्यात घर शाकारलं आणि पावसात गळलं नाही, तर शाकारणी फुकट गेली असं कोण म्हणतं का?

म्हणून दोघांना एकाच मापाने मोजू नका. स्टेरॉइडचा हिशोब दिवसांत होतो, टिकवणाऱ्या औषधाचा महिन्यांत, आणि तोही नुसत्या बरं वाटण्यावर नाही, कारण संडास नीट होत असतानाही आतडं आतून सुजलेलं असू शकतं. त्यासाठी शौचाची कॅलप्रोटेक्टिन टेस्ट असते, लागली तर दुर्बीण. इन्फ्लिक्सिमॅबसारखी बायोलॉजिक्स (जिवंत पेशींपासून बनवलेली सुईची औषधं) आणि कोलायटिसमध्ये टोफासिटिनिब सूज उतरवायचं आणि टिकवायचं दोन्ही करतात, तरी बरं वाटलं म्हणून मनाने डोस चुकवायचे नाहीत, इन्फ्लिक्सिमॅब सुरुवातीला ०, २, ६ आठवड्यांनी आणि पुढे दर ८ आठवड्यांनी म्हणजे तसंच.

३ महिन्यांत डोस १० मिलिग्रॅमच्या खाली येत नसेल, किंवा बंद केल्यावर ३ महिन्यांच्या आत आजार उलटत असेल, तर तुम्ही स्टेरॉइडवर अवलंबून आहात आणि पुढच्या औषधाचं बोलायची वेळ झालीय. वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेऊन हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो. आणि एकदम बंद पण करू नका, शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं, माणूस जिवावर बेतेल इतका आजारी पडू शकतो.

मला सगळ्यात राग येतो तो "बायोलॉजिकने प्रतिकारशक्ती जाते, त्यापेक्षा स्टेरॉइड बरं" या वाक्याचा. स्टेरॉइडनेही ती कमी होतेच, आणि मोठ्या डोसवर तर चांगलीच. धोके खरे आहेत, म्हणून तर बायोलॉजिकच्या आधी टीबीची तपासणी करतात, अ‍ॅझाथायोप्रिनवर पांढऱ्या पेशी बघत राहतात, आणि आपल्या लोकांमध्ये एनयूडीटी१५ जीनमधला बदल (त्याने या गोळीवर पांढऱ्या पेशी फार घटू शकतात) बऱ्यापैकी सापडतो म्हणून ती टेस्ट आधी केली तर फारच चांगलं. पण यातलं काहीही घेत असाल तर ताप अंगावर काढू नका, लावणीच्या दिवसांत आपल्याकडे लेप्टो आहे, दोडामार्ग-सावंतवाडीकडे माकडताप आहे, आणि स्टेरॉइडवर ताप दबलेला पण असतो.

अडालिमुमॅब घरी ठेवायचं तर २ ते ८ डिग्री, गोठवायचं नाही. पावसात लाईट जाते तेव्हा फ्रीज उगाच उघडू नका. प्रवासात थंड पॅक वापरा, पण सुई बर्फाला चिकटवून ठेवू नका.

आणि दिवसाला ६ किंवा जास्त वेळा रक्ताची संडास, सोबत ताप किंवा नाडी ९० च्या वर असं असेल तर घरी गोळ्या वाढवत बसायचं नाही, थेट बांबोळी (गोव्याचं मोठं सरकारी हॉस्पिटल) नाहीतर कोल्हापूर, जे जवळ असेल ते. तिथे स्टेरॉइड शिरेतून देतात आणि तिसऱ्या दिवशी बघतात. उतार नसेल तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन, नाहीतर ऑपरेशन. ऑपरेशनच्या नावाने घरचे रडतात, पण कोलायटिसमध्ये मोठं आतडं काढलं की तिथला आजार जातो, क्रोन्समध्ये तसं नसतं, तो दुसरीकडे परत येऊ शकतो, त्यामुळे क्रोन्सवाल्याला ऑपरेशननंतरही टिकवणारं औषध बऱ्याचदा लागतंच.