सिकलसेलच्या रुग्णावरचा अविश्वास : पार्श्वभूमी

घानामधील गा भाषेत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराला ‘च्वेच्वेच्वे’ म्हणतात आणि फांटी भाषेत ‘न्वीवी’. घानाचे वैद्य फेलिक्स कोनोटे-आहुलू यांनी ही नावे नोंदवली आणि आपल्याच घराण्यात या आजाराचा माग थेट १६७० पर्यंत काढला. तोच आवाज पुन्हा पुन्हा घोकणाऱ्या या नावांत हाडांमध्ये उठणारा, थांबून परत येणारा ठणका ऐकू येतो. वैद्यकशास्त्राने दिलेले नाव मात्र सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या विळ्याच्या आकाराच्या पेशीवरून आले; रुग्णाला काय होते, ते त्या नावात कुठेच नाही. डॉक्टर आणि परिचारिका सिकलसेलच्या रुग्णाकडे ज्या नजरेने पाहतात तिचा इतिहास शोधताना हा फरक उपयोगी पडतो, कारण या आजाराच्या रक्ताविषयीचे ज्ञान फार लवकर आणि फार खोलवर गेले, रुग्णाच्या शब्दावरचा विश्वास मात्र त्या वेगाने वाढला नाही.

वैद्यकीय नोंदींतील पहिला रुग्ण म्हणजे ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यासाठी शिकागोला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल. १९०४ मध्ये अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरला त्याच्या रक्तात लांबट, वाकड्या पेशी दिसल्या आणि १९१० मध्ये जेम्स हेरिक यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९२२ मध्ये व्हर्न मेसन यांनी या आजाराला आजचे नाव दिले. अमेरिकेत नोंदले गेलेले सुरुवातीचे रुग्ण आफ्रिकी वंशाचे होते, त्यामुळे हा ‘काळ्या रक्ताचा’ आजार आहे हे गृहीतक पाठ्यपुस्तकांत घट्ट बसले. १९२९ मध्ये कूली आणि ली यांनी एका ग्रीक कुटुंबात सिकलसेल आढळल्याचे लिहिले. परंतु गोऱ्या समजल्या जाणाऱ्या रुग्णांत असे काही आढळले, की गृहीतक तपासण्याऐवजी त्या कुटुंबाच्या पूर्वजांत कोणी काळे होते का, याचीच चौकशी होई. या आजाराची वाटणी वंशाने नव्हे तर मलेरियाने केली आहे, वाहकाला, म्हणजे एकाच पालकाकडून हे जनुक मिळालेल्या निरोगी माणसाला, मलेरियापासून संरक्षण मिळत असल्यामुळे हे जनुक आफ्रिकेबरोबरच भूमध्य समुद्राचा काठ, अरबस्तान आणि भारत येथेही टिकले, हे अँथनी अ‍ॅलिसन यांच्या १९५४ च्या कामानंतर स्पष्ट झाले. तोवर आजार आणि वंश यांची गाठ पक्की झाली होती. रुग्णावरचा पहिला संशय त्याच्या कुळाविषयी होता. दुखण्याविषयीचा संशय नंतर आला.

दरम्यान प्रयोगशाळेत मोठी मजल मारली गेली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी सिकलसेलला ‘रेणूचा आजार’ म्हटले. १९५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी दाखवले, की हिमोग्लोबिन या रक्तात प्राणवायू वाहणाऱ्या प्रथिनाच्या साखळीत ग्लुटामिक आम्ल या एका घटकाच्या जागी व्हॅलिन हा दुसरा घटक येतो, आणि एवढ्या एका बदलाने सारा अनर्थ होतो. रेणूपर्यंत उकललेला हा पहिलाच आजार. तरीही १९७३ मध्ये डिग्ज यांनी रुग्णांच्या आयुष्याचा हिशेब मांडला तेव्हा मध्य आयुर्मान अवघे १४.३ वर्षे निघाले, आणि वेदनेचे झटके कमी करणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध मोठ्या चाचणीत सिद्ध व्हायला १९९५ साल उजाडले. मधल्या साऱ्या काळात झटका आलेल्या माणसाला वेदनाशामक, सलाईन आणि बिछाना यांपलीकडे देण्यासारखे रुग्णालयाकडे फारसे नव्हते. ज्या दुखण्यावर आपला इलाज चालत नाही ते घेऊन तोच माणूस वारंवार दारात उभा राहिला, की कर्मचाऱ्यांच्या मनात काय साचत जाते, हे वेगळे सांगायला नको.

त्यातच अमेरिकेत एक विचित्र योग जुळून आला. जून १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांच्या व्यसनाला देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी सिकलसेल नियंत्रणाच्या कायद्यावर सही केली. एकाच सरकारच्या दोन धोरणांच्या मधोमध सिकलसेलचा रुग्ण सापडला : त्याच्या आजाराकडे प्रथमच लक्ष गेले, आणि त्याच्या दुखण्यावर लागू पडणारे ओपिऑइड वर्गातील (मॉर्फिनसारखे) औषध मागणाऱ्याकडेही. सक्तीच्या रक्तचाचण्यांचे कायदे करणाऱ्या काही राज्यांनी वाहक आणि रुग्ण यांतला फरकसुद्धा नीट केला नव्हता. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत निरोगी वाहकांनाही १९८१ पर्यंत प्रवेश नव्हता.

संशय नेमका कुठे रुजतो हे समजण्यासाठी झटक्याचे स्वरूप पाहावे लागते. कडक झालेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या ऊतींना प्राणवायू मिळत नाही आणि हाडे, पाठ, छाती असह्य दुखू लागते. हाड मोडले तर एक्स-रेमध्ये दिसते, हृदयविकाराचा झटका आलेखात दिसतो. साधा वेदनेचा झटका मात्र कोणत्याही तपासणीत खात्रीने दिसत नाही. पुरावा म्हणून रुग्णाचा शब्दच असतो. शिवाय लहानपणापासून हे सोसलेल्या माणसाला आपल्याला कोणते औषध किती मात्रेत लागू पडते हे ठाऊक असते, आणि तो ते सांगतो. मधुमेही माणसाने इन्सुलिनची मात्रा सांगितली तर त्याला जागरूक म्हणतात. या रुग्णाने मॉर्फिनची सांगितली तर भुवया उंचावतात. सोसण्याची सवय झाल्यामुळे तो रडत-ओरडत नाही, फोनवर बोलून मन दुसरीकडे वळवतो, आणि तेच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरते. दुखणे पुरेसे न शमल्यामुळे केलेली मागणी व्यसनासारखी भासते, या घोटाळ्याला १९८९ मध्ये वाइसमन आणि हॅडॉक्स यांनी ‘आभासी व्यसन’ असे नाव दिले. पुढे औषध कंपन्यांनी ही संकल्पना आपल्या विक्रीसाठी राबवली आणि ती वादग्रस्त झाली, हेही नमूद करायला हवे.

कर्मचाऱ्यांची वृत्ती हा स्वतंत्र संशोधनाचा विषय झाला तो १९९० च्या दशकात. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीत तातडीच्या विभागातील ५३ टक्के डॉक्टरांना वाटत होते, की सिकलसेलच्या वीस टक्क्यांहून अधिक रुग्णांना व्यसन आहे. रक्तविकारतज्ज्ञांत असे मानणारे २३ टक्के होते. २००१ मधील दुसऱ्या पाहणीत ६३ टक्के परिचारिकांनी या रुग्णांत व्यसन वारंवार जडते असे मत दिले. प्रत्यक्षात व्यसनाचे प्रमाण एवढे असल्याचा आधार अभ्यासांत मिळत नाही. रुग्णाला दीर्घकाळ ओळखणाऱ्यांत संशय कमी आणि रात्री पहिल्यांदा पाहणाऱ्यांत जास्त, हा या आकड्यांतला फरक मला सर्वांत बोलका वाटतो. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कार्लटन हेवूड, जे स्वतः सिकलसेलचे रुग्ण होते, यांनी २०१३ मध्ये दाखवले, की तातडीच्या विभागात या रुग्णांना मोठे हाड मोडलेल्या रुग्णांपेक्षा सुमारे पन्नास टक्के जास्त वेळ ताटकळावे लागते.

मात्र या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. ब्रिटनमध्ये २००८ मध्ये सिकलसेल आणि थॅलेसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांच्या मृत्यूंची चौकशी झाली, तेव्हा काही रुग्ण ओपिऑइडची मात्रा अति झाल्याने आणि त्यानंतर श्वासावर कोणी लक्ष न ठेवल्याने दगावल्याचे आढळले. म्हणजे औषध नाकारणे आणि औषध टोचून पाठ फिरवणे, या दोन्हींत रुग्णाकडे पाहिलेच जात नाही.

भारतात सिकलसेलची नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली. त्याच सुमारास आसामच्या चहामळ्यांतील मजुरांतही तो आढळला. येथील जनुकप्रकारात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त टिकते, त्यामुळे भारतातील आजार सौम्य असतो अशी समजूत रूढ झाली. मध्य भारतातील मुलांच्या अभ्यासांनी ती सरसकट खरी नसल्याचे दाखवले. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर, २०१४ मध्ये त्यात दुरुस्ती होईपर्यंत, मॉर्फिन मिळणेच दुरापास्त होते. जिथे औषधच हाताशी नाही, तिथे ते मागणाऱ्यावर व्यसनाचा आळ येण्याचा प्रसंग कमी. पण ‘सौम्य’ हा शिक्काही दुखणे न ऐकण्याला पुरेसा होतो.

अलीकडचे संशोधन शब्दांकडे वळले आहे. रुग्णाला सतत ‘सिकलर’ म्हणणाऱ्या डॉक्टरांची वृत्ती अधिक प्रतिकूल असल्याचे २०१३ मध्ये आढळले. २०१८ मध्ये शिकाऊ डॉक्टरांना एकाच काल्पनिक रुग्णाची दोन प्रकारे लिहिलेली टिपणे देण्यात आली. संशयाच्या भाषेतले टिपण वाचलेल्यांचे मत अधिक वाईट झाले आणि त्यांनी वेदनेवर उपचारही हात राखून सुचवले. नजर अशी कागदावरून पुढच्या पाळीकडे जाते.

ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी २०१२ पासूनच, रुग्ण आल्यापासून अर्ध्या तासात वेदनाशामक द्यावे असे सांगितले आहे. २०२१ मध्ये तेथील खासदारांच्या सर्वपक्षीय गटाने काढलेल्या अहवालाचे शीर्षक होते ‘कोणीच ऐकत नाही’. त्याचे निमित्त २०१९ मधील एका २१ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू हे होते. लंडनच्या रुग्णालयात दाखल असताना प्राणवायू हवा म्हणून त्याने आपल्या खाटेवरूनच आपत्कालीन सेवेला फोन लावला होता.